बरणीतल्या समुद्री कृमीच्या नावाचे फेरफार कसे काढायचे

तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक बरणी हमखास सापडते: पिवळट फॉर्मालीन, आत बोटाएवढा जाड, खरबरीत प्राणी आणि वर विटलेली चिठ्ठी, ‘अरेनिकोला’. समुद्र विदर्भातून शेकडो किलोमीटर दूर, पण नावाचा माग काढायला तिकडे जावं लागत नाही. दहा पटीचं भिंग, वही आणि नेट चालणारा फोन पुरतो. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचता येणाऱ्याला हे काम अवघड नाही.

सुरुवात फोनपासून करू नका, प्राण्यापासून करा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, नमुना ट्रेमध्ये काढून दोन-तीनदा पाणी बदलत धुवा. मग दृढरोमांचे, म्हणजे अंगावरच्या ताठ केसांचे, झुपके मोजा. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण एकेका खंडावर साधारण पाच बारीक वळ्या असतात आणि नवखा माणूस वळ्याच मोजत सुटतो. वळ्या सोडा, झुपके धरा. अरेनिकोला मरिनात दृढरोम असलेले १९ खंड असतात. पहिल्या सहांवर कल्ले नाहीत, सातव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत कल्ल्यांच्या १३ जोड्या, आणि मागच्या शेपटीवर दृढरोमही नाहीत, कल्लेही नाहीत. मोजणी १७ खंड आणि ११ जोड्यांवर थांबली तर तो मरिना नव्हेच, अरेनिकोला क्रिस्टाटा आणि तिच्या जवळच्या जातींत (species) शोधा. कल्ले फॉर्मालीनमध्ये गळून पडतात, म्हणून दोन्ही बाजू मोजा.

आता नाव. चिठ्ठीवर आहे तसंच, चुकीच्या स्पेलिंगसकट, वहीत उतरवा. मग ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ या मोफत नोंदवहीत ते टाका. नाव आज मान्य आहे की नाही, मूळ नाव कोणतं आणि आजवर कोणकोणती नावं पडली, हे तिथे दिसतं. तेवढ्यावर थांबू नका. तलाठ्याने टाइप केलेला उतारा आणि मूळ दस्तऐवज यांत फरक निघू शकतो, तसंच इथेही आहे. मूळ ग्रंथाचं पान ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर स्कॅन केलेलं मिळतं. अख्खा खंड डाउनलोड करायला घेतला तर गावाकडच्या नेटवर दिवस जाईल, म्हणून हवी तेवढीच पानं निवडून उतरवा.

मरिनाची कथा अशी. प्राण्यांच्या नावांचा हिशोब १७५८ पासून धरतात, स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. त्यात लिनियसने या वाळूतल्या कृमीला चक्क गांडुळाच्या प्रजातीत (genus) टाकलं: लुंब्रिकस मरिनस. आपल्या वावरातल्या गांडुळाचा सख्खा भाऊच! १८०१ मध्ये लामार्कने अरेनिकोला, म्हणजे वाळूत राहणारी, ही नवी प्रजाती केली आणि जातीला पिस्काटोरम, म्हणजे मासेमारांची, असं नाव दिलं. गळाला लावायला हीच कृमी वापरतात, म्हणून नाव शोभलं असतं. पण जातीचं आधीचं नाव १७५८ चं असल्यामुळे तेच टिकलं आणि पिस्काटोरम समानार्थी नावांच्या यादीत गेलं. अरेनिकोला स्त्रीलिंगी धरली जाते, त्यामुळे ‘मरिनस’चं ‘मरिना’ झालं. लिंगामुळे शेवट बदलला म्हणून नावाचा कर्ता, म्हणजे ते पहिल्यांदा देणारा, बदलत नाही.

म्हणून आजचं पूर्ण नाव अरेनिकोला मरिना (लिनियस, १७५८). हा कंस शोभेचा नाही. जात मूळ प्रजातीतून दुसऱ्या खात्यावर गेली, एवढीच त्याची खूण. अरेनिकोला क्रिस्टाटा स्टिम्पसन, १८५६ याला कंस नाही, कारण स्टिम्पसनने तिला पहिल्यापासून अरेनिकोलातच ठेवलं. वनस्पतिशास्त्रवाल्यांच्या वहीतून नक्कल केली की घोळ होतो. तुरीच्या नावात लिनियसच्या कंसानंतर जात दुसऱ्या प्रजातीत हलवणाऱ्याचंही नाव येतं, प्राण्यांत ते लिहीत नाहीत. लामार्कला इथे जागा नाही.

नंतर खातेफोडही झाली. १९९३ मध्ये कॅडमन आणि नेल्सन-स्मिथ यांनी अरेनिकोला डिफोडियन्स ही जात वेगळी काढली. त्याआधीच्या यादीत ‘मरिना’ लिहिलेलं असेल तर त्यात डिफोडियन्सही मिसळलेली असू शकते, त्यामुळे नोंदीचं वर्ष बघितल्याशिवाय ती पुढे वापरू नका.

बरणीवर ‘नेरीस’ (समुद्री कृमींचीच दुसरी प्रजाती) असेल तर काम वाढतं. एकेकाळी त्या नावाखाली बरंच काही कोंबलं होतं: नेरीस व्हायरेन्स आता अलिटा व्हायरेन्स (एम. सार्स, १८३५), नेरीस डायव्हर्सिकलर आता हेडिस्टे डायव्हर्सिकलर (ओ. एफ. म्युलर, १७७६). ‘एम.’ गाळू नका, मुलगा जी. ओ. सार्सही प्राणिशास्त्रज्ञच होता.

भारतीय नमुना असेल तर फॉव्हेलचा १९५३ चा भारतीय पॉलिकीटांवरचा (दृढरोमवाल्या, मुख्यतः समुद्री कृमींवरचा) ग्रंथ जरूर बघा, पण त्यातली युरोपी नावं जशीच्या तशी चढवू नका. मार्फिसा सँग्विनिया या अशाच एका कृमीचं नाव इंग्लंडच्या डेव्हनच्या किनाऱ्यावरचं आहे, तरी जगभरच्या यादीत ते चिकटलं होतं. मूळ वर्णन कुठल्या किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून झालं, हे प्रत्येक नावापुढे टिपा.

वहीत नावं सालवार लावा: नाव, कर्ता, वर्ष, पान, ठिकाण. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं, म्हणून शास्त्रीय नाव रोमनमध्ये लिहा, प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. आणि शाळेच्या पुस्तकाप्रमाणेच ‘प्रजाती’ आणि ‘जाती’ वापरा. वर्तमानपत्रं दोन्हींची सरमिसळ करतात.

नमुना परत ठेवताना सत्तर टक्के अल्कोहोल बरं. नवी चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तिच्यावर कोणी आणि कधी ओळखलं ते घाला. जुनी चिठ्ठी फाडू नका, चुकीची असली तरी ती नव्या चिठ्ठीशेजारी त्याच बरणीत राहू द्या.