परदेशात शिकायला देश निवडताय? या चुका टाळा

बहुतेक घरांत देश ठरतो तो आधी कोण गेलंय यावर. मावसभाऊ टोरंटोत आहे म्हणून कॅनडा, कॉलेजचे सीनियर आखेनला गेले म्हणून जर्मनी. ओळखीचं माणूस तिथे असलं की आईवडिलांना धीर येतो, हे खरंच आहे. पण मावसभाऊ ज्या नियमांवर गेला, ते नियम आता राहिलेले नाहीत. कॅनडात 2023 अखेरपर्यंत राहण्याखाण्याच्या खर्चासाठी 10,000 कॅनेडियन डॉलर दाखवले की भागायचं. 1 जानेवारी 2024 पासून ते 20,635 झाले, सप्टेंबर 2025 पासून 22,895. अर्ज लवकर निकाली काढणारी एसडीएस योजना 8 नोव्हेंबर 2024 ला बंद झाली. त्याच महिन्यापासून कॉलेजच्या डिप्लोमानंतरचा वर्क परमिट ठरावीक विषयांपुरताच उरला. तेव्हा भावाला थंडीचं विचारा, खोली कशी शोधायची ते विचारा. व्हिसाचं मात्र त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरच वाचा, आणि ते पान शेवटचं कधी बदललंय तेही बघा.

माझं सांगणं एवढंच आहे की पदवी हातात पडेल त्या दिवसापासून मागे मोजत या. त्या दिवसानंतर तिथे किती महिने नोकरी शोधता येईल? ती पदवी तिथे आणि इथे कोण मानेल? डोक्यावर कर्ज किती असेल? प्रवेश मिळणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे, आणि घरोघरी चर्चा मात्र त्याचीच होते.

"जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना?"

फी बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत नाही, हे बरोबर. पण सगळीकडे नाही असं नव्हे. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ही शहरं ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहेत, तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024-25 पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

आणि फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंट आहेच. त्यात वर्षाचे 11,904 युरो आधी जमा करायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे बारा लाख झाले. हे पैसे तुमचेच असतात, पण तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरोच हाती येतात. आता हिशेब मांडा. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा महिन्याला साधारण 140 ते 150 युरो. म्युनिकमध्ये साधी खोली सातशे युरोंच्या पुढे जाते. मग जेवण, तिकीट, फोन यांना उरलं काय? तोच कोर्स पूर्व जर्मनीत केम्निट्झसारख्या शहरात केला तर खोली तीनशेच्या आसपास मिळू शकते. म्हणून देश ठरवून थांबू नका. खर्चाचा हिशेब शहराचं नाव घालून करा. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं हे खरं, पण पहिल्या सेमिस्टरला काम लागेलच असं धरून बजेट बांधू नका.

आणखी एक गैरसमज. कोर्स इंग्रजीत आहे म्हणजे नोकरीही इंग्रजीत, असं नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं आणि तो काळ भाषा शिकण्यात गेला तर हाती काही राहत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, खाजगी क्लासही भरपूर आहेत. तिसऱ्या वर्षातच जर्मनची ए-वन ही पहिली पातळी सुरू करा. तिथल्या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये शॉप फ्लोअरवरचा माणूस तुमच्याशी जर्मनमध्येच बोलणार आहे.

बारावीनंतर थेट जर्मनीला निघालेल्यांनी जरा थांबावं. सार्वजनिक विद्यापीठात बॅचलर्सला त्यांना सहसा सरळ प्रवेश नसतो. इथल्या विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेलं असावं लागतं, किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड; नाहीतर तिथे श्टुडिएनकोलेगचं तयारीचं वर्ष. कागदपत्रं तपासणारं एपीएस प्रमाणपत्रही नोव्हेंबर 2022 पासून लागतं. त्याला काही आठवडे धरून ठेवा.

मुदत न बघता कोर्स निवडणं

ब्रिटनचं एक वर्षाचं मास्टर्स आकर्षक वाटतं, कारण वर्ष वाचतं. पण त्यानंतर तिथे राहून नोकरी करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना तो 18 महिन्यांचाच मिळेल. म्हणजे सप्टेंबर 2026 ला जाणाऱ्याने दीड वर्षच धरायचं. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै 2025 पासून साधारण पगाराची अट 41,700 पौंडांची आहे, नुकत्याच पदवी घेतलेल्यांना त्यात काही सवलत आहे. ज्या क्षेत्रात जाणार तिथे सुरुवातीचा पगार किती, हे आजच नोकरीच्या जाहिरातींत बघून घ्या. लग्न झालं असेल तर आणखी एक: जानेवारी 2024 पासून संशोधनाचे कोर्स आणि सरकारी शिष्यवृत्तीवाले सोडले, तर जोडीदाराला सोबत नेता येत नाही.

अमेरिकेत ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, बारा महिन्यांची, आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर वर 24 महिने. इथे नावावर जाऊ नका. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स एका विद्यापीठात स्टेममध्ये असतं, दुसरीकडे नसतं. ठरतं ते विद्यापीठाने कोर्सला दिलेल्या सीआयपी कोडवर, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावर. हा कोड आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, छापलेला असतो. पण त्याची वाट बघू नका, अर्जाआधीच विभागाला ईमेल करून विचारा. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाला 85,000 जागा, त्याही सगळ्या जगासाठी. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. तिथेच शिकून स्टुडंट व्हिसावरून स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागू नाही असा खुलासा नंतर झाला. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढताना "तीन वर्षं काम केलं आणि परत आलो" हा हिशेबही जुळतो का, ते कागदावर मांडा. जुळत नसेल तर घर तारण ठेवू नका. हे मी आईवडिलांना मुद्दाम सांगतोय.

डॉक्टर व्हायला जाणारे

इथली चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती सहा वर्षांनी कळते. परदेशातून एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट ही प्रवेश परीक्षा पास असणं लागतंच. त्यापुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर 2021 चे नियम आहेत: कोर्स किमान 54 महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, आणि त्या पदवीवर त्या देशात प्रॅक्टिसची नोंदणी मिळण्याची पात्रता. शेवटची अट लोक वाचतच नाहीत. "आयोगाची मान्यता आहे" असं कोणी सांगितलं तर विद्यापीठाकडून या चारही गोष्टी लेखी मागा.

इंग्रजी माध्यमाचंही नीट समजून घ्या. वर्गात इंग्रजी असेल, पण वॉर्डातला पेशंट रशियन, जॉर्जियन किंवा किर्गिझच बोलणार. ती भाषा आली नाही तर तो पेशंट तपासायचा कसा? परत आल्यावर परदेशी पदवीवाल्यांसाठी असलेल्या एफएमजीई परीक्षेत 300 पैकी 150 गुण लागतात, आणि जून 2025 मध्ये पाचातला जेमतेम एक पास झाला. फी कमी आहे एवढ्यावर देश निवडलेल्या मुलांचं मला फार वाईट वाटतं, कारण मेहनतीत ती कमी पडलेली नसतात.

देशाची स्थितीही बघा. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमधल्या हजारो मुलांना कोर्स अर्धवट टाकून परत यावं लागलं.

कन्सल्टंटची यादी

कन्सल्टंटला बऱ्याचदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण यादी कशी बनते ते त्यावरून कळतं. जर्मनीची सार्वजनिक विद्यापीठं सहसा असं कमिशन देत नाहीत, म्हणून यादीत बर्लिनची खाजगी कॉलेजं वर दिसू लागतात. "या कॉलेजकडून तुम्हाला किती मिळतं?" असं सरळ विचारा. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड आणि ईमेल स्वतःकडेच ठेवा.

शिष्यवृत्ती घेणार असाल तर देशाआधी तिचे नियम वाचा. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट आहे. प्रवेश आधी घेऊन नंतर ही अट वाचली तर शिष्यवृत्ती हातची जाते. एरवी क्रमवारीला मी फार किंमत देणार नाही.

चूक झालीच असेल तर

व्हिसा नाकारला गेला तर पत्रातलं कारण शब्दशः वाचा. पैशांचं कारण असेल तर कागद सुधारून पुन्हा अर्ज करता येतो; कोर्स आणि आधीचं शिक्षण जुळत नाही असं असेल तर नुसतं एसओपी (हाच कोर्स का, हे सांगणारं पत्र) बदलून उपयोग नाही, कोर्सच बदलावा लागतो. जर्मनीत पूर्वी नकाराविरुद्ध वकिलातीकडेच दाद मागता यायची, ती सोय जुलै 2025 पासून बंद आहे. आता नवा अर्ज किंवा कोर्ट. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे नकाराचं पत्र दाखवून परत मिळतात. आधीचा नकार पुढच्या कुठल्याही अर्जात लपवू नका. फसवणूक धरली गेली तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करतं.

तिथे पोहोचून कॉलेज चुकलं असं वाटत असेल, तर रागाच्या भरात नाव काढू नका. तुमचा व्हिसा त्या प्रवेशावर उभा असतो. आधी नव्या कॉलेजचं पत्र मिळवा, दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा आणि किती क्रेडिट्स नेता येतील ते नक्की करा. कॅनडात कॉलेज बदलायचं तर नोव्हेंबर 2024 पासून स्टडी परमिटच नवा काढावा लागतो, त्यामुळे तो अर्ज आधी, नाव काढणं नंतर.