अँटीव्हायरस घेताय? आधी या चुका टाळा

"कुठला अँटीव्हायरस चांगला हो?" हा प्रश्न लोक मला बहुधा कॉम्प्युटरचं जे व्हायचं ते होऊन गेल्यावर विचारतात. पुण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. कंपनीचं नाव चुकलं म्हणून कुणाचं नुकसान झालेलं क्वचितच दिसतं. नुकसान होतं ते खालच्या उद्योगांमुळे.

एकावर एक अँटीव्हायरस घालणे

कोथरूडचे एक निवृत्त काका. तक्रार अशी, की लॅपटॉप चालू केल्यावर चहा करून पिऊन झाला तरी एक्सेल उघडत नाही. कुणीतरी त्यांना रॅम वाढवायला सांगितलं होतं. मी खाली घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक केलं, तर तिथे तीन अँटीव्हायरस. एक लॅपटॉपबरोबर ट्रायल म्हणून आलेला आणि कधीच मुदत संपलेला. दुसरा तापकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून डबा आणून घातलेला. तिसरा भाच्याने फुकटचा उतरवलेला.

"अहो, एकाच्या हातून सुटला तर दुसरा धरेल ना!" काका म्हणाले.

नाही धरत. फाइल उघडली की अँटीव्हायरस मध्ये पडून ती आधी तपासतो. असे दोन असले की दोघेही मध्ये पडतात, एकाने बाजूला काढून ठेवलेली फाइल दुसऱ्याला व्हायरस वाटते आणि त्या झटापटीत डिस्क सतत शंभर टक्क्यांवर. रॅम कितीही घाला, फरक शून्य.

विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. बाहेरचा घातला की तो आपणहून बाजूला होतो, त्यामुळे त्या दोघांचं जमतं. बाहेरचे दोन मात्र एकमेकांना जागा देत नाहीत. काकांचे तिन्ही मी सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून एकेक करून काढले, प्रत्येक वेळी लॅपटॉप रीस्टार्ट केला. फुकटचा काही केल्या निघेना, तेव्हा त्याच्या कंपनीचं काढून टाकण्याचं वेगळं टूल वापरावं लागलं. मग डब्यातला, ज्याचे पैसे भरले होते, तेवढा परत घातला. दोन रीस्टार्टमधला वेळ वाचवायला जाऊ नका. अर्धवट निघालेला अँटीव्हायरस हा मुळीच नसलेल्यापेक्षा जास्त ताप देतो.

ट्रायल संपली तरी तसाच ठेवणे

रोज कोपऱ्यात लाल खिडकी येते आणि रोज माणसं ती बंद करतात. पैसे भरा नाहीतर काढून टाका. काढल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालाय का, ते डोळ्यांनी बघा.

क्रॅकसाठी अँटीव्हायरस बंद करणे

यावर मी सविस्तर बोलणार, कारण याच्याइतका मूर्खपणा दुसरा नाही आणि तो हुशार पोरंच करतात.

कर्वेनगरमधलं एक घर. मुलगी आर्किटेक्चरला, सबमिशन तोंडावर. महागडं सॉफ्टवेअर हवं होतं, मित्राने क्रॅकची, म्हणजे पैसे न भरता ते चालवून देणाऱ्या चोरट्या जुगाडाची, लिंक दिली. सोबतच्या सूचनांमधली पहिलीच ओळ होती, 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' तिने केला. डिफेंडर त्याआधी दोनदा ओरडला होता, त्याच्या हिस्टरीत मला दोन्ही नोंदी दिसल्या. तिला वाटलं, क्रॅक म्हटल्यावर अँटीव्हायरस ओरडणारच.

संध्याकाळी वडिलांचा फोन. फोल्डर जागेवर होते, फायलींची नावंही होती, पण प्रत्येक नावापुढे एक अनोळखी शेपूट लागलेलं आणि एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल पडलेली: इतके डॉलर द्या, या ईमेलवर लिहा. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. घरगुती कॉम्प्युटरवर तो याच वाटेने येताना मी सर्वांत जास्त पाहतो.

"पण बॅकअप आहे आमचा," वडील म्हणाले. "डी ड्राइव्हला."

सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे, एकाच कपाटाचे दोन कप्पे असतात. चोर एका कप्प्यावर थांबत नाही. मुंजीपासूनचे सगळे फोटो त्या डीमध्ये होते. एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूप लागलेली, एक फाइल आणि ती खंडणीची चिठ्ठी 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर टाकून पाहिली. २०१६ मध्ये युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांना बरोबर घेऊन ती सुरू केली आणि तिथे काही रॅन्समवेअरची किल्ली फुकट मिळते. यांच्या रॅन्समवेअरची नव्हती. फोटो गेले. मी डिस्क पुसायला घेतली, तेवढ्यात वडिलांनी विचारलंच, "आता कुठला चांगला अँटीव्हायरस घालू?" जो होता त्याने दोनदा सांगितलं होतं हो!

विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर फुकट किंवा स्वस्त असतं. कॉलेजच्या ईमेलवरून अर्ज करायचा आणि उत्तराची वाट बघायची. ती वाट बघवत नाही, तिथेच सगळं घोडं अडतं. बॅकअपचं म्हणाल, तर माझी एक्स्टर्नल डिस्क दर रविवारी जोडतो, कॉपी झाली की काढून ड्रॉवरमध्ये. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरलाही दिसते.

'लाइफटाइम की, फक्त १९९'

अँटीव्हायरस चालू करायचे असले कोड (त्यांनाच 'की' म्हणतात) व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. संपलं.

पुण्याचा आहे म्हणून, किंवा जावई सांगतो म्हणून

क्विक हील आपल्या पुण्याचा. कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९० च्या दशकात इथे दुरुस्तीच्या कामातून तो उभा केला. अभिमान जरूर बाळगा, पण निवड अभिमानावर करू नका, कुठल्याच कंपनीची. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जही नियमित चाचण्या घेते. दोन्हींचे निकाल फुकट बघता येतात. जुना लॅपटॉप असेल तर मी वेगाचे गुण आधी बघतो. फक्त बँकिंग, ईमेल आणि नातवंडांचे व्हिडिओ एवढाच वापर असेल तर मी डिफेंडरच ठेवायला सांगतो. दुकानदारांना ते आवडत नाही. विकत घेणार असाल तर दुसऱ्या वर्षाचा भाव आधी विचारा. पहिल्या वर्षाची सवलत पुढे टिकेलच असं नाही.

फुकटचा घेताना तो तुमच्याकडून काय घेतो ते वाचा. अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक-संरक्षण बघणाऱ्या सरकारी आयोगाने त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल केले.

घातला म्हणजे झालं

विंडोजचे अपडेट बंद ठेवून अँटीव्हायरसवर भिस्त ठेवणारे बरेच आहेत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, त्यावरचा पॅच, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर नवा अँटीव्हायरस घालून 'आता सेफ' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दर वाढवून सांगतो.

अँटीव्हायरस जागा आहे का, हे बघायला आयकारची चाचणी फाइल असते. ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, आणि सगळे चांगले अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून धरतात. नवीन काही घातलं की मी ती उतरवून बघतो. काहीच झालं नाही, तर आधी रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे फाइल उघडतानाच होणारी तपासणी, चालू आहे का ते तपासायचं.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असं ब्राउझर सांगतो तेव्हा

कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे बहुतेक वेळा कुठल्या तरी साइटला तुम्ही 'अलाउ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी साइट्स काढून टाका, चिठ्ठ्या थांबतात. पूर्ण स्क्रीनभर भोंगा वाजून फोन नंबर आला, तर फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातून ब्राउझर बंद करा. फोन करून झाला असेल आणि समोरच्याने स्क्रीन शेअर करायचं ॲप घालायला लावलं असेल, तर पहिल्यांदा राउटरचं बटण बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. मला त्यानंतर फोन केलात तरी चालेल.