बुडणारा चौक कसा आखावा

नदीकाठच्या जुन्या पेठेत चौक करायचा म्हटलं की मंडळी आधी थ्रीडी चित्र मागतात. मी आधी पुराची खूण मागते. घाटालगतच्या कुठल्याही वाड्यात शिरा, एखाद्या आजी खांबावर बोट टेकवून सांगतात, "इथवर चढलं होतं गं." ती खूण डंपी (उंची मोजायची दुर्बीण) लावून मोजायची आणि नकाशावर घ्यायची. त्यावर जलसंपदा खात्याच्या पूररेषा चढवायच्या. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, मोकळी जागा, एवढंच बसतं. म्हणजे आपला चौक बुडणार, हे धरूनच पेन्सिल हातात घ्यायची.

कसं बुडायचं ते वाईला जाऊन बघा. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्त्यांनी 1762 साली अगदी कृष्णेच्या पात्रालगत बांधलं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर आपटत नाही, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. चौकातला पार, ओटा, दिव्याचा चौथरा, सगळ्यांची प्रवाहाकडची बाजू अशीच ठेवा. प्रवाहाला आडवी सलग भिंत नको, जाळीचा कठडा तर नकोच नको. जाळीत जलपर्णी आणि उसाचं पाचट अडकलं की कठड्याचा बंधारा होतो. मी नळ्यांचा कठडा करते, खोबणीतून उपसून काढता येणारा. मे संपता संपता दोन माणसं तो उचलून गोदामात ठेवतात.

हे शहाणपण उशिरा आलं. माझ्या पहिल्याच कामात मी वाळूवर पेव्हर ब्लॉक बसवले होते. दिसायला छान होते. पहिल्या पुरात खालची वाळू निघून गेली आणि पाठोपाठ ब्लॉक. काही पलीकडच्या उसात सापडले. जमिनीत पुरलेल्या दिव्यांच्या काचेखाली पाणी भरलं होतं, एकात चक्क बेडकाचं पिल्लू. तेव्हापासून फरशी काळ्या दगडाचीच, निदान चार इंच जाड, खाली दगडाची सोलिंग, म्हणजे ठोकून बसवलेल्या दगडांचा थर. दिवे उंच खांबावर आणि विजेची पेटी लाल रेषेच्या वर.

सांधे चुन्याचे. जुन्या घाटाला चौक जोडताना सिमेंट वापरलं की ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा झडायला लागतात. चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घातली की तो ओलीतही धरतो, पण सावकाश. म्हणून सांधेभरणी दिवाळी ते होळी उरकायची आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. ठेकेदार मार्चअखेरच्या बिलासाठी घाई करतो, त्याच्याशी भांडायची तयारी हवी.

पाणी ओसरल्यावरचा दिवस मात्र नकाशात कुणीच काढत नाही. गाळ ओला आहे तोवरच फावड्याने ढकलला जातो. दोन उन्हं खाल्ली की त्याचा पापुद्रा दगडाला धरून बसतो. म्हणून उतार नदीकडे, पन्नासाला एक, म्हणजे पन्नास फुटांत एक फूट. कोपऱ्यात पाण्याचा जाड नळ आणि ट्रॅक्टर आत येईल एवढी वाट. त्या वाटेवर एरवी चारचाकी उभी राहू नये म्हणून काढता येणारे दगडी खुंट.

नाला आधी अडवा, मग बाकीचं. सांडपाणी नदीत पडत असेल तर बाकावर बसणार कोण?

झाडांचं थोडक्यात. उंबर-पिंपळ घाटाच्या चिरेबंदीपासून लांब, मुळं दगड उचकटतात. काठाला वाळुंज आणि शेरणी ही नदीकाठची झाडंझुडपं, ती पुरात वाकतात, मोडत नाहीत. वरच्या टप्प्यावर करंज. एप्रिलमध्ये काळा दगड अनवाणी पायाला चटके देतो, त्यामुळे सावली दुपारी तीनला कुठे पडते ते बघूनच खड्डे घ्या. करंजाखाली फरशी नको, मुरूम ठेवा, पाणी मुरतं.

आणि आधी कोण येतं ते पहाटेपासून बसून बघा. गोधड्या धुणाऱ्या बायकांना उतरता दगड लागतो, दशक्रियेला आडोसा. व्हीलचेअरला बाराला एक असा उतार, पायऱ्यांच्या शेजारीच, मागच्या गल्लीतून नव्हे. वाईत कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीच्या घाटावर होतो, तेव्हा मांडव पडतो. मांडववाला खांबासाठी पहार कुठेही ठोकतो आणि तुमची फरशी फुटते. तो काही वैरी नाही. त्याला भोक द्या. मी मांडवाच्या मापाने, दर दहा फुटांवर, फरशीतच दगडी उखळ्या बसवते, हातभर खोल, तळाला पाणी निघून जायला वाट. झाकणं लोखंडाची केली तर भंगारात जातात. दगडाचीच करा, बोट अडकवून उचलता येईल एवढी खाच ठेवून.