इंटरनेटच्या मसुद्यावर हरकत कशी घ्यायची

चोपड्याला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबाऱ्यावर चुकीची नोंद लागली की तलाठ्याकडे हरकत घ्यायची, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. तशीच हरकत इंटरनेटच्या नियमांवरही घेता येते म्हटलं की गिऱ्हाईक हसतं. "ताई, दिल्लीमा आपलं कोन आयकस?"

पहिलं काम म्हणजे सरकारने काढलेला नियमांचा मूळ मसुदा उघडायचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश नको. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे, त्यामुळे वेळ मिळतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला. १८ फेब्रुवारीची मुदत पुढे ५ मार्चपर्यंत वाढली. सगळं वाचायचं दडपण घेऊ नका. जो नियम आपल्या उंबऱ्याशी येतो तेवढाच धरा.

मी नियम १० धरला. १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा वापरण्याआधी पालकाची खातरजमा करून संमती घ्यायची, असा तो नियम. त्यात उदाहरणंही होती : पालकाचं त्याच प्लॅटफॉर्मवर खातं असेल तर काय, नसेल तर डिजिलॉकरमधून ओळख कशी पटवायची. आता माझ्याकडे येणारी अकरावीची एक पोरगी घ्या. बाप केळीच्या ट्रकवर, आई रोजाने निंदायला. घरात फोन एकच, त्यातलं सिम सुरतेच्या मामाच्या नावावर, आणि आईच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. हे घर त्या एकाही उदाहरणात बसत नव्हतं. हरकत इथूनच निघते.

लिहिताना तीनच गोष्टी : नियमाचा क्रमांक, अडचण, आणि काय बदल हवा. मी लिहिलं, "नियम १० : पालकाच्या नावाचं सिम किंवा चालू डिजिलॉकर नसेल, तर सेवा केंद्रावर समक्ष ओळख पटवून संमती देता यावी." आधी मराठीत लिहा, मग हिंदी किंवा इंग्रजी करून घ्या. उलट केलं की आपली आई त्यातून गायब होते.

तयार मजकूर नुसता फॉरवर्ड करू नका. फ्री बेसिक्स, म्हणजे ठरावीक वेबसाइटच फुकट दाखवायची फेसबुकची योजना, आली तेव्हा ट्रायने, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाने, चार प्रश्न विचारले होते. फेसबुकवरून एकाच साच्यातले लाखो प्रतिसाद गेले, आणि त्यांत आमच्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत, असं ट्रायने म्हटलं. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला वेबसाइटनुसार डेटाचे वेगळे दर लावायला बंदी आली. (बरोबर २० वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, इंटरनेट मोकळं राहावं म्हणून झगडणाऱ्या अमेरिकेच्या जॉन पेरी बार्लोने दावोसहून सरकारांना सुनावलं होतं की सायबरविश्वात तुमची सत्ता चालत नाही. बिचारा!)

आणखी एक. मजकुरात फोन नंबर, पत्ता टाकू नका. ट्राय आलेली मतं वेबसाइटवर टाकतं. २०१५ मध्ये तर लाखो लोकांचे ईमेल पत्ते त्यांच्या मतांसोबत जगजाहीर झाले होते. याउलट डेटा नियमांवरची मतं केंद्राचं आयटी मंत्रालय कुणालाही दाखवणार नव्हतं, म्हणून पाठवण्याआधी प्रत काढून ठेवणं आलंच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम नियम निघाले. पालकांची संमती कायम आहे. माझी प्रत सातबाऱ्यांच्या फाइलीत लावून ठेवली आहे. कुणाला नमुना हवा असेल तर झेरॉक्सचे दोन रुपये.