घरी घालवलेल्या शरदातल्या महिन्याची आठवण कशी लिहावी

शरदातला आवडता महिना संपला की त्याची आठवण लवकर लिहून काढावी, कारण काही काळाने ‘छान गेला’ एवढेच हाती उरते. सुरुवात फोनमधल्या छायाचित्रांपासून करावी. त्यांच्यासोबत बहुधा तारीख व वेळ साठवलेली असते, त्यामुळे दिवसांचा क्रम आपोआप लागतो. मग घरातल्या उजेडाकडे वळावे. उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास येणाऱ्या विषुवदिनानंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते आणि सूर्य दुपारीही खाली राहतो, म्हणून एरवी खिडकीपाशीच थांबणारे ऊन दक्षिणेकडच्या खोलीत बरेच आतवर येते; ते कोणत्या खुर्चीवर, किती वाजता पडत असे हे लिहिले, की तिथे कोण काय करत बसलेले असे, तेही आठवू लागते. ‘वातावरण प्रसन्न होते’ यासारखी वाक्ये मात्र खुशाल खोडावीत. गळलेले पान जपायचे असल्यास ते पुसून, पण कडक होण्याआधीच, टिपकागदात घालून जड पुस्तकाखाली एक-दोन आठवडे दाबावे आणि कागद ओलसर लागल्यास बदलावा. रंग पुढे फिका पडतोच, तेव्हा तो आधीच शब्दांत उतरवून ठेवावा.