गॅरेजच्या स्लॅबला टांगलेला माळा

आमचं घर खानापूरला. पावसाळ्यात गॅरेजच्या फरशीला ओल सुटते, खाली ठेवलेलं सगळं कुबट होतं. म्हणून स्लॅबला फळी टांगली होती. गणपतीचं मखर आणि पितळी भांडी वर चढवली, तर आठवड्यात एक कोपरा उखडून खाली आला. तेव्हा खाली कोणी नव्हतं, पण आजही आठवलं की धस्स होतं. स्क्रूच्या प्लास्टिक गिट्ट्या नुसत्या गिलाव्यात बसल्या होत्या. गिलावा वजन धरत नाही, काँक्रीट धरतं.

यंदा बेळगावहून १० मिलिमीटरचे आट्याचे सहा रॉड आणि त्याच मापाचे ड्रॉप-इन अँकर, म्हणजे भोकात बसवून आतून फुलवायच्या आट्याच्या लोखंडी नळ्या, आणले. आधी छिन्नीनं तेवढ्या जागेचा गिलावा काढला, मग काँक्रीटमध्ये १२ मिलिमीटरचं, ४० मिलिमीटर खोल भोक. एके ठिकाणी सळई लागली. सळई कापायची नाही, भोक बाजूला सरकवलं. भोकातली धूळ सायकलच्या पंपानं उडवली. धूळ राहिली तर अँकर घट्ट बसत नाही, हे काम आळसानं टाळू नका. पंच लावून अँकर आतून फुलवला आणि त्यात रॉड पिळून बसवला.

खाली लोखंडी अँगलची चौकट, वर १८ मिलिमीटरचा प्लाय. प्रत्येक रॉडला चौकटीखाली दोन-दोन नट, म्हणजे सैल होत नाहीत. झोका जाऊ नये म्हणून बाजूंना तिरक्या पट्ट्या मारल्या.

सामान चढवण्याआधी ५० किलोची सिमेंटची दोन पोती दोन दिवस ठेवली. फरशीपासूनचं माप रोज घेतलं. जराही उतरलं नाही.