नळीत राहणाऱ्या कोळ्याची प्रजाती आणि जाती कशी ठरवावी

सेजेस्ट्रिडी कुलातील कोळी भिंतीच्या भेगेत किंवा झाडाच्या सालीखाली रेशमी नळी विणून तिच्यात दबा धरून बसतात. केवळ नळी पाहून कुल ठरवू नये, कारण फिलिस्टॅटिडी कुलातील कोळीही नळीतच राहतात. मात्र त्यांना आठ डोळे असतात.

नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे मोजावेत. सहा डोळे तीन जोड्यांत दिसले, तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण लॉक्सोसेलेस या दुसऱ्या कुलातील कोळ्यांचे डोळेही तसेच मांडलेले असतात. निर्णायक खूण पायांची आहे: सेजेस्ट्रिडींच्या पायांच्या पहिल्या तीनही जोड्या पुढे वळलेल्या असतात, तर बहुतेक कोळ्यांत तिसरी जोडी तशी पुढे वळत नाही.

यानंतर मुख्य प्रश्न प्रजातीचा (genus), म्हणजे सेजेस्ट्रिया की एरिआडना, हा असतो. सेजेस्ट्रिया प्रजाती लात्रेय यांनी १८०४ मध्ये, तर एरिआडना ओदुआँ यांनी १८२६ मध्ये स्थापली. नर हाती असेल, तर पहिल्या पायाचा मेटाटार्सस (टोकाकडून दुसरा खंड) पाहावा. एरिआडनाच्या अनेक जातींत तो वाकलेला किंवा जाड काट्यांनी सजलेला असतो. जबड्यांवर हिरवी चमक दिसली की सेजेस्ट्रिया फ्लोरेंटिना असे लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. रंगावरून नाव देणे मला मुळीच मान्य नाही.

मादीची जाती (species) ठरवणे हा खरा कठीण टप्पा आहे आणि बहुतेक मार्गदर्शिका तो एका वाक्यात उरकतात. या कुलातील मादीच्या उदरावर जननेंद्रियाची कठीण बाह्य पट्टी नसते, त्यामुळे बाहेरून कितीही पाहिले तरी उपयोग होत नाही. आतील शुक्रग्राहिकाच (नराचे शुक्राणू साठवणारा अवयव) पाहावी लागते. फुफ्फुसांच्या फटींमधला तुकडा धारदार सुईने सोडवून, स्नायू हलकेच बाजूला करून, तो वरच्या बाजूने पाहावा. तो स्वच्छ करण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उकळावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया पाळू नये. या अवयवाचा काही भाग निव्वळ पातळ पडद्याचा असतो आणि उकळत्या द्रावणात त्या पडद्याला इजा होऊ शकते. १० टक्के थंड द्रावण घ्यावे, दर काही मिनिटांनी तुकडा तपासावा आणि शुक्रग्राहिकेची कड स्पष्ट होताच तो लगेच पाण्यात टाकावा. वेळेची घाई नसेल, तर लॅक्टिक आम्ल अधिक सुरक्षित. सपाट काचपट्टीवर आच्छादन-काच दाबू नये. गोल शुक्रग्राहिका चपटी होते आणि तिची आकृती कोणत्याही वर्णनाशी जुळत नाही. खोलगट काचपट्टी वापरावी आणि समोरून व बाजूने अशा दोन आकृत्या काढाव्यात.

आकृत्या जागतिक कोळी सूचीत नमूद केलेल्या मूळ वर्णनांशी ताडाव्यात. पिल्लांत हा अवयव पूर्ण वाढलेला नसतो, म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर प्रजातीचे नाव, ठिकाण आणि तारीख एवढेच लिहावे.